लेकराला व्यसनमुक्ती केंद्रात टाकताय? आधी बघा, त्या केंद्रावर लक्ष कोणाचं आहे (मराठवाड्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न)

हे नेमकं कोणासाठी लिहिलंय?

आई-बाप, मोठा भाऊ, मामा, होस्टेलचे वॉर्डन, शाळेतले सर, ज्यांच्या घरातलं किंवा हाताखालचं पोरगं बटन (झोपेच्या गोळ्या), एमडी (मेफेड्रोन), गांजा, सोल्यूशन (पंक्चरचं, हुंगायचं) नाहीतर दारूत अडकलंय आणि कोणीतरी "अमुक केंद्रात टाका, महिन्यात सरळ होऊन येतं" असं सांगितलंय अशा लोकांसाठी. मी आठही जिल्ह्यांतल्या पालकांशी बोलत असतो, आणि संभाजीनगर असो की हिंगोली, प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, पण कायदा वाचलाय आणि केंद्रांच्या दारात बराच वेळ उभा राहिलोय.

खाजगी केंद्राला लायसन लागतं का? आमच्या इथले म्हणतात आम्ही हॉस्पिटल थोडीच आहोत.

लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे ना, त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जच्या वापरातून होणाऱ्या अवस्था घेतल्यात. त्यामुळं अशा माणसाला उपचारासाठी ठेवून घेणारी जागा ही मानसिक आरोग्य आस्थापना धरली जाते, मग तिथं पलंग असो की सतरंजी. कलम ६५ प्रमाणं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी केल्याशिवाय ती चालवताच येत नाही. "आम्ही फक्त समुपदेशन आणि योगा करतो" हे उत्तर तुमचं पोरगं रात्री घरी झोपत असेल तर ठीक, तिथंच मुक्कामी असेल तर चालत नाही.

भिंतीवर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, मग झालं की?

कसलं सर्टिफिकेट ते वाचा. चष्मा लावून, उभं राहून वाचा. मी एका केंद्रात गेलो होतो, गावाबाहेर भाड्याचं रो-हाऊस, हॉलमध्ये तीन फ्रेमा, हार घातलेले. एक धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट नोंदणी, दुसरं शॉप ॲक्ट, तिसरा कोणत्यातरी पुढाऱ्याच्या हस्ते मिळालेला सन्मान. पेशंट ठेवायचा परवाना त्यात एकही नव्हता. पण आलेल्या बापाला तिन्हीवर गोल शिक्के दिसले आणि त्यानं सही करून टाकली. त्याचं काय चुकलं म्हणा, रात्रभर पोरामागं पळून थकलेला माणूस होता तो.

कागद मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा पाहिजे, त्यावर त्याच जागेचा पत्ता पाहिजे आणि मुदत संपलेली नको. आणि अजून एक गोष्ट जी सहसा कोणी बघत नाही, कलम ७२ म्हणतं की केंद्रानं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर सगळ्यांना दिसेल असा लावायचा. म्हणजे आमच्याविरुद्ध तक्रार कुठं करायची हे त्यांनी स्वतःच भिंतीवर लिहायचं. तो बोर्ड असेल तर केंद्राला कायदा माहीत आहे एवढं तरी कळतं. नसेल तर विचारा, आणि काय तोंड करतात ते बघा.

नोंदणी आहे म्हणजे सरकारनं येऊन बघितलंय ना?

नाही. हीच तर मेख आहे. कायद्यात दोन नोंदण्या आहेत, तात्पुरती आणि कायमची. तात्पुरती अर्ज केल्यापासून दहा दिवसांत द्यायची, आणि त्याआधी चौकशी करायची गरज नाही असं कलम ६६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. बारा महिने चालते, पुढं वाढवूनही मिळते. म्हणजे हातात खरा, सरकारी, शिक्क्याचा कागद असू शकतो आणि तरी त्या खोलीत एकही अधिकारी आलेला नसू शकतो. म्हणून नुसतं "नोंदणी आहे का" विचारून भागत नाही, तात्पुरती की कायमची ते विचारा, आणि शेवटची तपासणी कधी झाली ते पण.

मग तपासणी किती दिवसांनी होते?

इथं जरा थांबतो कारण माझ्या मते सगळ्यात मोठं भगदाड इथंच आहे.

बालगृह असेल तर बाल न्याय कायदा २०१५, कलम ५४. जिल्ह्याच्या तपासणी समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा जायचंच, तीनपेक्षा कमी लोक नकोत, त्यात एक बाई पाहिजे आणि एक वैद्यकीय अधिकारी पाहिजे. आता व्यसनमुक्ती केंद्र. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ६७ सांगतं की नोंदणीकृत आस्थापनांचं ऑडिट दर तीन वर्षांनी. मधे कोणी तक्रार केली किंवा प्राधिकरणाला स्वतःहून वाटलं तर कलम ६८ खाली तपासणी होऊ शकते, पण ती "होऊ शकते".

म्हणजे तेच पोरगं, तेच वय, बालगृहात असलं तर तीन महिन्याला कोणीतरी दार वाजवणार आणि व्यसनमुक्ती केंद्रात असलं तर तीन वर्षांनी. महिना-दोन महिने राहून जाणाऱ्या पोराच्या वाट्याला तपासणी येणारच नाही हे गणित कोणालाही कळेल. आणि ही झाली नोंदणी असलेल्यांची गोष्ट, ज्यांनी नोंदणीच केली नाही ते तर यादीतच नाहीत, मग त्यांच्याकडं जायचं कोणी?

त्यात खाती तीन. आरोग्य खातं मानसिक आरोग्य कायदा बघतं. अनुदानावर चालणारी केंद्रं सामाजिक न्यायाकडं, त्यांची तपासणी अनुदानापुरती. लहान मुलांचा विषय महिला व बालविकासचा. एका आईनं मला सांगितलं की एका ऑफिसात म्हणाले हे हेल्थचं आहे, हेल्थवाले म्हणाले समाजकल्याणला जा, तिथून बालविकासला धाडलं आणि तिथले साहेब मीटिंगला गेलेले. प्रत्येकाच्या टेबलावर आपापली फाईल बरोबर आहे, पोरगं मात्र कोणाच्याच फायलीत नाही.

मुलगा सोळाचा आहे. तिथं चाळीशीचे दारुडे पण आहेत. चालतं का?

अजिबात चालत नाही. अठराच्या आतल्यांसाठी मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ८७ आहे आणि ते खरंच चांगलं लिहिलंय, पाळलं जात नाही ही गोष्ट वेगळी. एक तर अशा मुलाला भरती करणं हा अपवाद धरलाय, सरसकट नाही. दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ, भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासून हे ठरवायचं की याला ठेवण्यावाचून इलाज नाही, घरी राहून भागणार नाही. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. आणि पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं पूर्ण मुक्कामभर त्याच्यासोबत राहायचं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला बाईच.

हे वाचून दाखवलं की पालक माझ्याकडं बघतच राहतात, कारण केंद्रात त्यांना एकदम उलटं सांगितलेलं असतं, "तुम्ही आलात की तो बिघडतो".

पुढं अजून आहे. भरती झाल्यावर ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. तीस दिवस झाले की परत कळवायचं, मंडळानं सात दिवसांत त्याचा आढावा घ्यायचा, आणि पुढं दर तीस दिवसांनी हेच. त्या मंडळावर जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती, कलेक्टरांचा प्रतिनिधी, मानसोपचारतज्ज्ञ असे लोक असतात. फक्त, केंद्रानं कळवलंच नाही तर मंडळाला कळणार कसं? कायद्यातली ही सगळी साखळी केंद्राच्या एका पत्रावर लटकलीय. म्हणून कळवलं का ते विचारा, पत्राची कॉपी मागा.

आम्ही ऊसतोडीला जातो, दिवाळीनंतर गावात असतो कुठं. सोबत कोण थांबणार?

बीड, धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागातून हा प्रश्न हमखास येतो, आणि याला सोपं उत्तर नाही. पोरगं आजीजवळ, आई-बाप फडात सहा महिने, मुकादमाची उचल घेतलेली म्हणून मधेच परत येता येत नाही, आणि तेवढ्यात पोरगं कोणाच्या तरी नादानं लागतं. कायद्यानं एवढी सोय केलीय की तुम्ही स्वतः थांबलं पाहिजे असं नाही, तुम्ही नेमलेला माणूस थांबू शकतो, काका, मावशी, मोठी बहीण. लेखी द्या, तुमच्या सहीनं. पण थांबणाऱ्याच्या बुडालेल्या रोजगाराचं काय यावर कायदा गप्प आहे. त्यामुळं गरिबाचं पोरगं एकटंच राहतं आणि केंद्रवाल्याला तेच सोयीचं पडतं. अशा वेळी मी तरी भरतीपेक्षा सरकारी दवाखान्यातली ओपीडी आधी करून बघा म्हणतो, दर आठवड्याला नेणं-आणणं आजीलाही जमतं.

"पहिले एकवीस दिवस भेट नाही, फोन नाही." हे बरोबर आहे का?

नाही. कलम २६ मध्ये भेटायचा, फोन करायचा, फोन घ्यायचा हक्क दिलाय. आणि अठराच्या आतला असेल तर वर सांगितलं तसं तुमचा माणूस आतच असायला पाहिजे, मग भेटबंदी आली कुठून? कोणी म्हणेल सुरुवातीला घरचे दिसले की पोरगं रडतं, घरी चल म्हणतं, तेही खरंय, डॉक्टर भेटीची वेळ ठरवून देऊ शकतात. पण सरसकट कुलूप लावून महिनाभर तोंड दाखवायचं नाही याला उपचार म्हणत नाहीत. मारहाणीचे वळ जायला साधारण तेवढेच दिवस लागतात, एवढंच बोलतो आणि पुढं जातो.

ते गाडी पाठवतात, रात्री येऊन पोराला उचलून नेतात. पाठवू का?

नका पाठवू. स्कॉर्पिओतून चार दांडगट उतरतात, त्यातले दोघं-तिघं त्याच केंद्रातले जुने पेशंट असतात, झोपेतून उचलतात, हातपाय बांधतात आणि वर गाडीभाडं वेगळं लावतात. डॉक्टरनं तपासायच्या आधीच भरती झालेली असते, म्हणजे कलम ८७ तिथंच मोडलं. आणि साखळीनं बांधून ठेवणं तर कलम ९५ प्रमाणं कोणत्याही परिस्थितीत बंद आहे. खरंच आवरत नसेल, अंगावर येत असेल, तर ११२ ला फोन करा किंवा सरळ जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

मुलगा एकोणीसचा झाला. आता आमच्या सहीवर ठेवतील ना?

नुसत्या तुमच्या सहीवर नाही. अठरा झाले की त्याची स्वतःची संमती लागते. त्याला निर्णय घेताच येत नाही अशी अवस्था असेल, जिवाला धोका असेल, तर कलम ८९ खाली भरती होते, त्यालाही दोन तज्ज्ञांची तपासणी लागते आणि जास्तीत जास्त तीस दिवस. त्याविरुद्ध तो स्वतः मंडळाकडं जाऊ शकतो. लातूरला नीटच्या क्लासला आलेल्या पोरांच्या बाबतीत हा घोळ होतो, बारावीत असताना अठरा पूर्ण झालेले असतात आणि बाप म्हणतो पोरगं माझं आहे, मी ठरवणार.

पोरगं म्हणतंय मारतात. केंद्रवाले म्हणतात घरी यायला नाटकं करतोय. कोणाचं खरं?

दोन्ही होऊ शकतं. नशेतलं पोरगं खोटं बोलतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण यात कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही, बघून घ्या. शर्ट काढायला लावा, पाठ बघा, तळपाय बघा, मनगटं बघा. वजन किती होतं, आता किती. टक्कल केलंय का, कारण जबरदस्तीनं डोकं भादरणं कलम २० मध्ये मनाई केलंय. संडास, भांडी, मालकाच्या घरचं काम करून घेतात का, तेही मनाई. रात्री झोपायच्या खोलीला बाहेरून कडी आहे का. जेवणाच्या वेळेला न सांगता जा, ताटात काय आहे ते बघा. आणि पोराशी बोलताना केंद्राचा माणूस शेजारी उभा असेल तर ते बोलणं धरू नका.

खूण दिसली तर तिथं भांडत बसू नका. पोराला बाहेर काढा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करा, फोटो काढा, मग पोलीस. मुलांना सांभाळायची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्याच माणसानं क्रूरपणा केला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक प्रकार असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), तिथं ज्याला माहीत आहे त्यानं कळवणं बंधनकारक आहे, केंद्रातल्या स्वयंपाक्यालाही.

काय नशा करतो यानं फरक पडतो का? सगळ्यांना एकच खोलीत कोंडतात.

फार पडतो. बटन म्हणा, कुत्ता गोळी म्हणा, या झोपेच्या-शांततेच्या जातीतल्या गोळ्या. रोज भरपूर घेणाऱ्याच्या एकदम बंद केल्या तर फिट येते. दारूचंही तसंच, सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस बरळणं, थरथर, फिट, जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर नसलेल्या जागी "चार दिवस कोंडून ठेवा, आपोआप उतरतं" हा प्रकार जीवघेणा आहे. पोराला न सांगता दारू सोडायच्या गोळ्या भाजीत कालवून देणं पण तेवढंच.

आणि पंक्चरचं सोल्यूशन, व्हाईटनर, थिनर. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं केंद्र सरकारसाठी केलेला सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं. हा एकच प्रकार असा की पोरं मोठ्यांच्या पुढं आहेत. तरी बहुतेक केंद्रांचा सगळा कार्यक्रम दारू पिणाऱ्या मोठ्या माणसाला धरून बांधलेला, बारा वर्षांच्या पोराला तिथं "बायकोला दिलेला त्रास आठवा" असं सांगतात, आता काय बोलायचं.

एमडी खरंच गावापर्यंत आलंय का?

२०२३ च्या ऑक्टोबरात डीआरआयनं (केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्यानं) संभाजीनगर-पैठण भागात छापे टाकून कारखानेच उघडे पाडले आणि २०२५ मध्ये तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण सगळ्यांनी वाचलं. पकडायच्या बातम्या येतात, पोरांना बरं करायच्या जागांची बातमी येत नाही.

सरकारी सोय कुठं आहे?

राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एक पण नाही, जालन्याचं मंजूर झालंय. पण त्यावरून निराश होऊ नका कारण व्यसनासाठी मनोरुग्णालयच पाहिजे असं काही नाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं मेडिकल कॉलेज, इथल्या मानसोपचार विभागात जा. जिल्हा रुग्णालयात पण मानसिक आरोग्याची टीम असते. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलीमानस १४४१६, लहान मुलांसाठी १०९८. पैसे लागत नाहीत.

दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल ना?

ही भीतीच पोरांना बेकायदा केंद्रात ढकलते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ए मध्ये थोड्या प्रमाणातला माल किंवा सेवनाचा गुन्हा असलेल्या व्यसनीनं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर खटल्यातून सूट आहे. "सरकारमान्य" हा शब्द परत वाचा, नोंदणी नसलेल्या केंद्राची चिठ्ठी इथं कामाला येईल याचा भरवसा नाही. अठराच्या आतल्याचं प्रकरण तर बाल न्याय मंडळाकडं जातं.

उलट लेकराला दारू, तंबाखू, ड्रग्ज देणाऱ्यावर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ते कोणी लावायला सांगतच नाही.

तक्रार कुठं करू? आणि काही होतं का?

पुनर्विलोकन मंडळ आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, ही दोन मुख्य. सोबत एक-एक प्रत जिल्हा शल्य चिकित्सक, कलेक्टर, समाजकल्याणचे सहायक आयुक्त आणि मूल असेल तर बाल कल्याण समितीला. सगळ्यांची नावं एकाच अर्जावर वरती लिहा म्हणजे कोणाला "आमच्याकडं आलंच नाही" म्हणता येणार नाही. आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाईन १५१००. पोरगं डांबून ठेवलंय आणि सोडतच नाहीत अशी वेळ आली तर औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा अर्ज.

काही होतं का? दंडाचे आकडे बघून तुम्हीच ठरवा. नोंदणी नसताना केंद्र चालवलं तर पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार, दुसऱ्यांदा ५० हजार ते २ लाख, पुढं ५ लाखांपर्यंत. महिना दहा हजार घेणारं केंद्र असेल तर पाच पोरांत पहिला दंड भरून निघतो. म्हणून नुसतं "नोंदणी नाही" एवढ्यावर तक्रार थांबवू नका, मारहाण, डांबणं, मोठ्यांत ठेवणं जे असेल ते स्पष्ट लिहा, मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०८ मध्ये कायदा मोडल्याबद्दल तुरुंगाचीही तरतूद आहे.

आपल्या जिल्ह्यात नोंदणी झालेली केंद्रं किती, कसं कळणार?

प्राधिकरणानं यादी इंटरनेटवर टाकायची असं कायद्यातच आहे, ती आधी शोधा. नाही सापडली किंवा जुनी निघाली तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस. नावं, पत्ते, नोंदणी तात्पुरती की कायमची, शेवटची तपासणी कधी, अठराच्या आतले किती भरती केले आणि मंडळाला किती कळवले, एवढंच विचारा. शेवटचे दोन आकडे जुळले नाहीत तर ती बातमी आहे, स्थानिक पत्रकाराला द्या.

हे सगळं आपल्याकडंच असं आहे का?

नाही हो. अमेरिकेतही असंच, तिथं वाळवंटातले, डोंगरातले "पोरं सुधारायचे" कॅम्प आणि निवासी केंद्रं वर्षानुवर्षं चालली, एका राज्याचा नियम दुसऱ्याला नाही, कुठं तर लायसनच लागत नव्हतं. २००७ मध्ये तिथल्या संसदेच्या तपास संस्थेनं, गाओनं, मारहाणीचे आणि मृत्यूंचे आरोप बाहेर काढले. यूटा राज्यानं २०२१ मध्ये कायदा करून वर्षातून चार वेळा तपासणी लावली. देशपातळीवरचा कायदा व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला, तोही तिथं राहून आलेल्यांनीच मोठेपणी बोंब मारली म्हणून, टीव्हीवरची प्रसिद्ध पॅरिस हिल्टन त्यातलीच. आपल्याकडची पोरं बाहेर आल्यावर बोलत नाहीत, घरचेच म्हणतात झालं गेलं, लग्न जमायचंय.

मग सगळी केंद्रं वाईटच म्हणायची का?

तसं कोण म्हणतंय. मनापासून चालवणारी माणसं आहेत, त्यातली काही स्वतः व्यसनातून बाहेर आलेली, आणि तपासणी वाढली तर सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच होईल कारण उचलून आणणाऱ्यांमुळं त्यांचंही नाव खराब होतं. चांगलं केंद्र ओळखायचं कसं, तर डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारल्यावर राग येत नाही, आतल्या खोल्या दाखवतात, पावती देतात, आणि "शंभर टक्के गॅरंटी" असं कधीच म्हणत नाहीत.

तीन महिन्यांचे पैसे आधीच भरलेत. मधेच घरी आणता येतं का?

येतं. कलम ८७ मध्येच आहे, अठराच्या आतल्या मुलाच्या पालकानं सोडा म्हटलं की सोडावंच लागतं, कोर्स पूर्ण व्हायची वाट बघायची नसते. राहिलेले पैसे हा वेगळा विषय, त्यावरून पोराला अडवता येत नाही. दोन ओळींचा अर्ज लिहा, तारीख-वेळ टाका, पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानं पाठवा. निघताना कोणत्या गोळ्या चालू होत्या, किती, कोणत्या डॉक्टरनं लिहिल्या, हे कागद मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि घरी न जाता आधी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीला जा, कारण तिथं चालू असलेली गोळी एकदम तुटली तर रात्रीतून त्रास सुरू होतो. ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळी असते, केसपेपरची रांग लागते, आधारकार्ड सोबत ठेवा.